कृषी पत्रकारिता : वर्गातली आणि वर्गाबाहेरची



आजचा विषय बघून काही जणांच्या मनात आलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं शेतकी कॉलेजात काय काम? शंका रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की एखादा विषय शिकवायचा असं ठरतं, तेव्हा कुणाजवळ ज्ञान आहे आणि कुणाजवळ नाही, कुणी बोलायचं आणि कुणी ऐकायचं, याचाही निर्णय त्याच्याआधी होऊन गेलेला असतो. तो कधी झाला, कुणी केला, हे शोधणं आमच्या धंद्यात बसतं.

सुरुवात एका कोरड्या कागदापासून करतो. कृषी पदवीला देशभर काय शिकवायचं हे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिष्ठाता समिती ठरवते. पाचव्या समितीने जो अभ्यासक्रम दिला त्यात ऐच्छिक विषयांच्या यादीत ‘ॲग्रिकल्चरल जर्नालिझम’ आहे. क्रेडिट तीन, दोन थिअरीचे, एक प्रात्यक्षिकाचा. कृषी वार्ता म्हणजे काय, तिचे प्रकार किती, माहिती कुठून मिळवायची, चित्र कसं निवडायचं, मथळा कसा द्यायचा, प्रुफं कशी तपासायची, असा मजकूर. प्रात्यक्षिकात मुलाखत घेणं, कार्यक्रमाचं वृत्त लिहिणं, संशोधनाच्या निबंधातून बातमी काढणं. सगळं उपयोगाचं आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्यात एक गंमत आहे. लिहिलेला मजकूर ‘रीडेबिलिटी फॉर्म्युला’ लावून तपासायचा. हे फॉर्म्युले इंग्रजीसाठी तयार झाले. वाक्यात शब्द किती, शब्दात उच्चाराचे तुकडे किती, यावरून मजकूर सोपा की अवघड ते ठरतं. आता हा हिशेब मराठीला लावा. ‘नत्र’ दोन अक्षरी, म्हणून सोपा. ‘कोळपणी’ चार अक्षरी, म्हणून अवघड. शेतात उभं राहून बघितलं तर बरोबर उलट!

आणि या मजकुरात काय नाही तेही बघा. बाजार समिती नाही, पीकविमा नाही, कर्ज नाही, पाण्याचं वाटप नाही. शेतकऱ्याच्या घरात रात्री जेवताना ज्या विषयांवर बोललं जातं, त्यातलं जवळजवळ काहीच नाही.

धाराशिवला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे, तुळजापूरला त्याच विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. या कॉलेजांत येणारा मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा भूम, परंडा, कळंब, उमरगा, लोहारा अशा भागातली असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली. पदवीची पुस्तकं इंग्रजीत. म्हणजे घरी जे रोज बघितलं ते इंग्रजीत पुन्हा शिकायचं, आणि चौथ्या वर्षी ‘कृषिदूत’ नाहीतर ‘कृषिकन्या’ होऊन गावात जाऊन तेच मराठीत सांगायचं. दूत हा शब्द नीट ऐका. दूत दुसऱ्याचा निरोप आणतो. तो कुणाचा असतो? ज्याने पाठवला त्याचा.

हा दूत आला कुठून, ते बघू.

इंग्रजीत ज्याला ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात त्याला आपण ‘विस्तार’ म्हणतो. हा शब्द मुळात शेतीचा नाही. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने आपली व्याख्यानं विद्यापीठाबाहेर, गावोगावच्या लोकांसाठी सुरू केली, त्याला हे नाव पडलं. विद्यापीठाने आपला हात लांब करायचा, अशी कल्पना. अमेरिकेने ती शेतीत नेली. तिथे शेतकी कॉलेजं आधीच होती. १९०५ साली आयोवाच्या कॉलेजात कृषी पत्रकारिता शिकवायला लागले, १९०८ साली विस्कॉन्सिनने तिचा स्वतंत्र विभाग काढला. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारकार्याला सरकारी पैसा मिळाला. कॉलेजातला शोध शेतापर्यंत पोहोचवणारा लेखक पाहिजे, ही गरज त्यातून पक्की झाली. हे मॉडेल स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आलं. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, ग्रामसेवक आले, १९६० साली पंतनगरला अमेरिकी धर्तीचं पहिलं कृषी विद्यापीठ झालं. महाराष्ट्रात राहुरी १९६८, अकोला १९६९, मग १९७२ साली परभणी आणि दापोली. त्या विद्यापीठांबरोबर विस्तारशिक्षणाचा विभाग आला, आणि त्या विभागाच्या पोटात, एका कोपऱ्यात, कृषी पत्रकारिता आली.

पण मराठीत कृषी पत्रकारिता याच्या कितीतरी आधी जन्मली होती, आणि ती कुणाची दूत नव्हती.

१ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केलं. पुढे ते नारायण मेघाजी लोखंड्यांकडे मुंबईला गेलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं. त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’त छापले गेले आणि पुढचे छापायचं थांबलं. लोखंडे हे काही भित्रे गृहस्थ नव्हेत, गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारा माणूस. तरीही जोतीरावांची भाषा त्यांना झेपली नाही. कृषी पत्रकारितेच्या वर्गात ‘संपादन’ या मथळ्याखाली हा प्रसंग शिकवायला हवा असं मला वाटतं. संपादकाची कात्री कुठे आणि का चालते, याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

‘असूड’मध्ये दोन गोष्टी एकाच दोरीत वळलेल्या आहेत. एकीकडे शेतसारा, सावकार, कोर्टकचेरी, कारकून यांचा हिशेब. दुसरीकडे बांध घालावेत, तळी बांधावीत, चांगल्या जातीची जनावरं आणावीत, शेतीची प्रदर्शनं भरवून बक्षिसं द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातल्या शेतकी शाळा दाखवाव्यात, अशा सूचना. म्हणजे आज ज्याला आपण विस्तार म्हणतो ते जोतीरावांना हवंच होतं. फक्त ‘सारा कमी करा’ आणि ‘बांध घाला’ ही दोन वाक्यं त्यांनी वेगळी केली नाहीत. ती वेगळी करण्याचं काम नंतर आपण केलं. दुसरं वाक्य कृषी विद्यापीठाकडे गेलं, पहिलं चळवळीकडे आणि थोडंफार वर्तमानपत्राकडे.

भालेकरांनी पुढे ‘शेतकऱ्यांचा कैवारी’ नावाचंही पत्र चालवलं. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव नात्यातल्या पाटील घराण्यात दत्तक गेले, आणि या मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ काढलं. कुठून? तर नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून. पुणे-मुंबईहून नव्हे, खेड्यातून. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात, वाचक खेड्यात. १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या हयातभर, ते चाललं. अर्धशतकाहून जास्त काळ! एवढं झालं तरी कृषी पत्रकारितेच्या इतिहासात विद्यार्थ्याला विस्कॉन्सिन भेटतं, तरवडी भेटत नाही.

आता प्रश्न असा की अशी तरवडी धाराशिव जिल्ह्यात का झाली नाही? लिहिणारी माणसं नव्हती असं नाही. तरवडी ब्रिटिश मुलखात होती, आपण निजामाच्या राज्यात होतो. दरबाराची, महसुलाची, कोर्टाची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून विज्ञानसुद्धा देशी भाषेत शिकवलं, हा प्रयोग धाडसाचाच म्हणायला हवा. पण ती देशी भाषा बहुसंख्य रयतेची नव्हती. आमच्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’खाली आधी परवानगी काढावी लागे. आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते हद्दीबाहेर, पुण्यातून, आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढायचं असा खेळ त्यांना वर्षानुवर्षं खेळावा लागला. राज्यकर्ता रयतेशी बोलतो आणि रयतेला उलट बोलायची सोय नाही, या व्यवस्थेत आमच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती व्यवस्था गेली. सवय मात्र एका दिवसात जात नाही.

इथे एक तारखेची गोष्ट सांगतो. १९५६ च्या सुरुवातीला आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशेच्या आसपास खेड्यांत, रेडिओ ऐकणारी शेतकरी मंडळं बसवली. कल्पना मूळ कॅनडाची. कार्यक्रम ऐकायचा, मग मंडळाने त्यावर चर्चा करायची, आणि शंका, तक्रारी, निर्णय पुण्याला लिहून कळवायचे. केंद्राने त्याची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात द्यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी याची बारकाईने पाहणी केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांचं ज्ञान ठळकपणे वाढलं होतं; नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे फार फरक पडला नव्हता. म्हणजे रेडिओच्या पेटीचा गुण थोडा, चर्चेचा आणि उलट लिहिलेल्या पत्राचा जास्त.

हा प्रयोग आमच्यापर्यंत आला नाही, कारण साधं आहे. तेव्हा उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला, प्रयोग संपल्यावर. पुढे ही मंडळं देशभर पसरवली गेली आणि पसरता पसरता विरून गेली. आज उस्मानाबादचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र आहे, शेतीचे कार्यक्रम होतात. पण १९५६ चं ते परतीचं पत्र अभ्यासक्रमात कुठे शिरलं नाही.

शिरलं काय? शिरले एव्हरेट रॉजर्स. ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ हे त्यांचं १९६२ चं पुस्तक. विस्तारशिक्षणाचा कुठलाही विद्यार्थी झोपेतून उठवला तरी सांगेल: नवं तंत्र आलं की सर्वांत आधी घेणारे ‘इनोव्हेटर्स’, मग लवकर घेणारे, मग मधले दोन गट, आणि शेवटी ‘लॅगार्ड’, म्हणजे मागे रेंगाळणारे. परीक्षेत हमखास प्रश्न. रॉजर्स स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांचे वडील नवीन यंत्रं हौसेने घेत, पण संकरित मका पेरायला तयार नसत. १९३६ च्या दुष्काळात शेजारचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळला, तेव्हा त्यांना पटलं. या अनुभवातून शहाणा मुलगा सिद्धान्ताकडे वळला. चांगली गोष्ट आहे.

पण हाच सिद्धान्त आमच्या शिवारात आणून बघा. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली. उत्पादन जास्त. तरीही रब्बीला आमचा माणूस मालदांडीच पेरत राहिला. वहीत त्याच्या नावापुढे ‘लॅगार्ड’. त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की बाबा, मी नुसती ज्वारी पिकवत नाही, कडबा पण पिकवतो. दावणीला बैल आहे, म्हैस आहे, शेळ्या आहेत. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे ते काय हवेवर? बुटक्या ज्वारीचा कडबा किती निघणार? आणि भाकरीची चव? हा काही अडाणीपणा नव्हे, हा हिशेब आहे. फक्त प्रश्नपत्रिकेत धान्याचा रकाना होता, कडब्याचा नव्हता.

रॉजर्स प्रामाणिक माणूस. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की आमच्या शाखेला नव्याच्या बाजूने झुकायची खोड आहे, आणि काही बिघडलं की दोष व्यवस्थेऐवजी माणसाला द्यायची सवय आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांची पाच गटांची आकृती घेतली, ही कबुली तळटीपेतही घेतली नाही!

साधारण याच काळात, १९६९ साली, ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांचं ‘विस्तार की संवाद?’ अशा अर्थाच्या नावाचं छोटं पुस्तक आलं. ते चिलीमध्ये कृषी अधिकाऱ्यांबरोबर काम करत होते. त्यांनी ‘विस्तार’ हा शब्दच धरला. म्हणाले, या शब्दात देणारा आहे, घेणारा आहे, द्यायची वस्तू आहे. विचार करणारा दुसरा माणूस नाही. माहिती हलवता येते, ज्ञान असं पोत्यासारखं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देता येत नाही. तत्त्वज्ञानात ही तक्रार जुनी आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस लेखनाबद्दल अशीच कुरकुर करतो, की त्याला प्रश्न विचारला तर ते पुन्हा तेच सांगतं. मेळाव्यात वाटल्या जाणाऱ्या घडीपत्रिकेचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही.

परभणीला दरवर्षी १८ मे रोजी, विद्यापीठाच्या स्थापनादिनी, खरीप मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. हजारो शेतकरी येतात, बियाण्यासाठी रांगा लागतात. विद्यापीठावर लोकांचा विश्वास आहे, तो कमावलेला आहे, त्याची टिंगल करायची नाही. वर्तमानपत्रांचंही तसंच. २० एप्रिल २००५ ला ‘ॲग्रोवन’ सुरू झालं, शेतीचं रोजचं मराठी दैनिक. आमच्याकडे रोजचा बाजारभाव आणि शेतकऱ्यांच्या यशकथा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचल्या. यशकथेबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे: तीत कर्जाचा आकडा क्वचित असतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं ती गोष्ट.

२०२० चा खरीप. ऑक्टोबरात, सोयाबीन काढणीच्या वेळी, आपल्या जिल्ह्यात प्रचंड पाऊस झाला. काढून ठेवलेल्या गंजी भिजल्या, उभ्या शेंगांना मोड आले. विमा भरलेला होता. अट अशी होती की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं. ॲपवर, टोल फ्री नंबरवर किंवा बँकेत, कृषी कार्यालयात. कळवलं नाही म्हणून दावे अडले. साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांचा प्रश्न. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढे ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं.

याच्याकडे संवादशास्त्राचा विद्यार्थी म्हणून बघा. आपली सगळी विद्या वरून खाली निरोप कसा न्यायचा याची. आणि इथे शेतकऱ्याचा घास अडला तो खालून वर निरोप न गेल्यामुळे. पाऊस चालू, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, रानात जायला वाट नाही आणि घड्याळ चालू. ‘लॅगार्ड’ कोण ठरला? ज्याने ॲप उघडलं नाही तो. ७२ तासांची अट कुठल्या कागदावर, कुठल्या भाषेत, किती बारीक टायपात छापली होती. ती विमा भरताना कुणी वाचून दाखवली. मंडळातला पावसाचा आकडा सरकारच्या दप्तरी असताना शेतकऱ्यानेच का कळवायचं. हे प्रश्न म्हणजे कृषी पत्रकारिता. ज्यांनी ते विचारले त्यात शेतकरी होते, वकील होते, कार्यकर्ते होते, तालुक्याचे वार्ताहर होते. हे प्रश्न विचारण्याची तयारी करून देणारं पान त्या तीन क्रेडिटांत नाही.

कुणी म्हणेल, विद्यापीठ सरकारी, ते असं कसं शिकवणार? हॅरल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते, ब्रिटिश सरकारचे नोकर. त्यांनी पिंपळे सौदागर या गावात घरोघर जाऊन जमिनीचे तुकडे, उत्पन्न आणि कर्ज मोजलं आणि १९१७ साली छापलं. बहुतेक घरांचा ताळेबंद जुळत नाही, हे त्यांनी सरळ लिहिलं. साहेबाला जमलं ते आपल्याला जमायला हरकत नसावी.

आणि यासाठी नवा अभ्यासक्रम, नवी इमारत वगैरे काही लागत नाही. तो एक क्रेडिट प्रात्यक्षिकाचा आहे ना, त्यात काय काय बसतं बघा. हवामान खात्याचा अंदाज घ्या: ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’. शेतकरी ऐकतो, तुरळक म्हणजे थोडासा पाऊस. खात्याच्या लेखी तुरळक म्हणजे विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत. पाऊस किती पडेल याच्याशी त्या शब्दाचा संबंधच नाही! तुरळक ठिकाणी ढगफुटी होऊ शकते. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जाऊन दहा शेतकऱ्यांना विचारावं, ‘तुरळक’ म्हणजे काय समजलात, आणि ती उत्तरं जशीच्या तशी लिहून आणावीत. किंवा सोयाबीनची शिफारस घ्या, हेक्टरी ३०:६०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश. आमच्याकडे कुणी हेक्टरात पेरत नाही, एकरात पेरतो, आणि दुकानात नत्र मिळत नाही, पोतं मिळतं. हिशेब केला तर एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट, सव्वीस किलो युरिया, वीस किलो पोटॅश. हे एक वाक्य लिहायला रसायन, गणित आणि गावची बोली तिन्ही यावी लागते. हाच माल हवा असताना दुकानदार दुसऱ्या वस्तूबरोबर घ्यायला लावतो का, हे विचारलं की तीच पत्रकारिता.

सातव्या सत्रात मुलं गावात राहतात. त्या दिवसांत तालुक्याच्या पानावर बातमी येते, ‘कृषिदूतांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’. फोटो असतो, प्राचार्यांचं नाव, कार्यक्रम अधिकाऱ्यांचं नाव, सरपंचांचं नाव, सगळ्या विद्यार्थ्यांची नावं. गाव बदलतं, बातमी बदलत नाही. मी अशी कात्रणं गेली काही वर्षं ठेवतो आहे. समोर वीस-पंचवीस शेतकरी बसलेले दिसतात. त्यांच्यातल्या कुणी काय विचारलं, हे एकाही कात्रणात मला सापडलेलं नाही. यंदा जी मुलं जाणार आहेत, त्यांच्यापैकी कुणी हे व्याख्यान ऐकत असेल तर माझी विनंती आहे, त्या दिवशी वही घेऊन बसा, पहिले पाच प्रश्न उतरवून घ्या आणि नावांच्या यादीच्या वर छापायला द्या. वार्ताहराने कापले तर मला पाठवा.

वेळ संपली आहे. काही विचारायचं असेल तर घेऊ.